डुकराचे भाव, तेजी-मंदी आणि पुढचा अंदाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वराहपालनाच्या अर्थकारणाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी पायाभूत आहेत, शेवटचे अडचणीचे. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डुकराचा भाव नेमका ठरतो कशावर?

या आठवड्यात विक्रीला तयार जनावरे किती आहेत आणि कत्तलखाने किती घेऊ शकतात, यावर. मांसाची मागणी सावकाश बदलते. आवक मात्र बदलते आणि ती थोपवता येत नाही.

मका कोठारात भरून चार महिने थांबता येते, डुकराच्या बाबतीत तशी सोय नाही. साधारण १३० किलोला आलेले जनावर रोज जवळपास किलोभर वाढते. भाव सुधारेल या आशेने आठवडाभर ठेवले, तर सहा-सात किलो वजन चढते. पण या टप्प्यावर चरबी जास्त धरते, प्रत्येक किलोला खाद्य जास्त लागते आणि ठरलेल्या वजनाच्या वर गेलेल्या जनावराला खरेदीदार भाव कापतो. शिवाय दूध तोडलेल्या पिल्लांची पुढची तुकडी त्याच शेडमध्ये यायची असते. शेड रिकामी करून, धुऊन, वाळवून द्यावी लागते. त्यामुळे मिळेल त्या भावाला माल काढावा लागतो, आणि हे खरेदीदारालाही ठाऊक असते.

मादीचा गाभणकाळ ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. पिल्लू विक्रीच्या वजनाला यायला आणखी साधारण सहा महिने लागतात. म्हणजे आज बाजारात आलेल्या मालाचा निर्णय दहा महिन्यांपूर्वी माद्यांच्या शेडमध्ये झालेला असतो. म्हणूनच भावफलकाच्या आधी माद्यांची संख्या पाहा, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचे मूळ तिथेच आहे.

२. एकीकडे भाव ९० दिसतो, दुसरीकडे त्याच दिवशी ६७. खरा कोणता?

दोन्ही खरे असू शकतात. एक भाव जिवंत वजनाचा असतो, दुसरा कापून साफ केलेल्या धडाचा. जिवंत वजनाच्या साधारण तीन चतुर्थांश वजन धडाचे भरते, म्हणून धडाच्या ९० च्या भावाचा जिवंत भाव ६७ च्या आसपास येतो. अमेरिकेतल्या ‘लीन हॉग’ वायद्याचा (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणाऱ्या सौद्याचा) भाव धडाचा असतो, चीनमधला रोजचा भाव बहुधा जिवंत वजनाचा. तुलना करण्याआधी वजन कोणते, एकक किलो की पौंड आणि चलन कोणते, हे तिन्ही तपासून घ्या.

३. ‘वराहचक्र’ म्हणतात ते काय?

भाव चढला की पालक माद्या वाढवतात. वर्षभराने माल वाढतो आणि भाव पडतो. तोटा झाला की माद्या विकल्या जातात, पुढे माल तुटतो आणि भाव पुन्हा चढतो. एक फेरा पुरा व्हायला साधारण तीन ते चार वर्षे लागतात. जर्मन अर्थतज्ज्ञ आर्थर हानाउ यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकडेवारीतून हे चक्र मांडले. अमेरिकेत मॉर्डेकाय एझेकिएल यांनी १९३८ मध्ये त्यामागचा सिद्धांत नीट बांधला. आलेखावर भाव आणि पुरवठ्याच्या रेषा एकमेकींभोवती फिरून कोळ्याचे जाळे विणल्यासारख्या दिसतात, म्हणून त्याला कोळ्याच्या जाळ्याचे नाव मिळाले.

हा फेरा इतका लांबतो कशाने, हे समजायचे तर जनावर निवडण्याचा क्षण डोळ्यांसमोर आणा. पाच-सहा महिन्यांच्या माद्या रांगेने पुढे येतात. एकदाही न व्यायलेल्या या तरुण मादीला व्यवसायात गिल्ट म्हणतात. पालक वाकून सड मोजतो. दोन्ही बाजूंना मिळून निदान चौदा चांगले हवेत. मग खुरे बघतो, मागचे पाय सरळ पडतात का ते बघतो, आणि पाठीवर रंगाची खूण करतो. खूण झालेली राहते, बाकीच्या गाडीत चढतात. राहिलेली गिल्ट माजावर येऊन भरायला दोन महिने, गाभणकाळ चार महिने, पिल्ले वाढायला सहा महिने. त्या रंगाच्या खुणेचे मांस बाजारात यायला असे वर्ष जाते.

आता यातली अवघड बाजू. खूण केलेली गिल्ट त्या दिवशी गाडीत चढली नाही, म्हणजे त्या आठवड्याची आवक तेवढी घटली. विस्ताराच्या सुरुवातीला माल कमी येतो आणि भाव आणखी चढतो. तेजी पाहून आणखी लोक खूण करू लागतात. मंदीत याच्या उलट घडते. माद्याच कत्तलीला निघाल्याने आवक वाढते आणि पडलेला भाव आणखी पडतो. बाजार दोन्ही वेळा चुकीचा इशारा देतो, तोही नेमका निर्णय घेण्याच्या घडीला.

४. शंभर वर्षांपासून हे ठाऊक आहे, तर पालक सुधारत का नाहीत?

हा प्रश्न बहुतेक वेळा पालकांना दोष देण्याच्या सुरात येतो, आणि ते मला अन्यायाचे वाटते. तेजीत हातात पैसा असतो, बँकही तेव्हाच कर्ज देते. मंदीत माद्या वाढवणे हिशेबाने बरोबर असले, तरी खाद्याची उधारी थकलेल्या माणसाला ते जमणार कसे? चक्र ओळखता येणे आणि त्याच्या विरुद्ध उभे राहण्याची ऐपत असणे, यात फार अंतर आहे. मोठ्या कंपन्यांकडे ही ऐपत असते. उद्योग मोजक्या हातांत जाण्याचे हेही एक कारण आहे (प्रश्न १० पाहा).

५. खाद्याच्या भावाचा किती परिणाम होतो?

एकूण खर्चाच्या साधारण ६० ते ७० टक्के खर्च खाद्याचा असतो, आणि खाद्यात मुख्यतः मका आणि सोयापेंड. खाद्य दहा टक्क्यांनी महागले, की उत्पादनखर्च सहा-सात टक्क्यांनी वाढतो. एक किलो वजन चढायला अडीच ते तीन किलो खाद्य लागते. दूध तोडल्यापासून विक्रीपर्यंत एक जनावर सुमारे तीनशे किलो खाते.

म्हणून जाणकार नुसता डुकराचा भाव पाहत नाहीत, मक्याशी त्याचे प्रमाण पाहतात. चीनमध्ये तर सरकारी धोरणच या प्रमाणावर चालते. किलोभर जिवंत डुकराचा भाव मक्याच्या सहा पटींखाली गेला की धोक्याचे इशारे सुरू होतात. पाच पटींखाली गेला की सर्वात वरचा इशारा लागतो आणि सरकार साठ्यासाठी गोठवलेले मांस खरेदी करते.

चढा भाव म्हणजे नफा नव्हे, हे २०२३ मध्ये अमेरिकेत दिसले. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर मका बुशेलला (सुमारे २५ किलोंना) आठ डॉलरच्या वर गेला होता. मजुरी आणि व्याजही वाढले होते. डुकराचा भाव इतिहासातला नीचांक नव्हता, तरी अनेक पालकांसाठी १९९८ नंतरचे (प्रश्न ११ पाहा) ते सर्वात कठीण वर्ष ठरले.

६. वर्षाच्या कोणत्या महिन्यांत भाव चढा असतो?

उत्तर गोलार्धात बहुधा मे ते जुलै, आणि नरम असतो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. याचे मूळ उन्हात आहे. जुलै-ऑगस्टच्या उष्म्यात माद्या नीट माजावर येत नाहीत, भरलेल्या उलटतात, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर येतात. त्या काळातली वेते नोव्हेंबर-डिसेंबरात कमी पडतात आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला आवक तुटते. रोगाची साथ किंवा व्यापारबंदी आली की हा हंगामी क्रम कोलमडतो.

७. साथ आली की भाव चढतो की पडतो?

साथ कुठे आली आणि तुम्ही कुठे उभे आहात, त्यावर. हा भेद न केल्याने लोक चुकीचे सौदे करतात, म्हणून तीन उदाहरणे सविस्तर देतो.

पहिले चीनचे. ऑगस्ट २०१८ मध्ये ल्याओनिंग प्रांतात आफ्रिकन स्वाईन फीवर सापडला. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांत बहुतेक जनावरे दगावतात. साथ पसरताना घाबरलेल्या पालकांनी हलकी-भारी सगळी जनावरे विकायला काढली आणि सुरुवातीला भाव दबला. नंतर माल संपला. देशाचे उत्पादन २०१८ मध्ये ५.४ कोटी टन होते, २०१९ मध्ये ते ४.२५ कोटी टनांवर आले. २०१९ च्या शेवटी जिवंत डुकराचा भाव किलोला ४० युआनच्या आसपास गेला आणि जगभरातून मांसाची जहाजे तिकडे वळली.

दुसरे अमेरिकेचे. २०१३ च्या वसंतात पिल्लांच्या जुलाबाचा पीईडी विषाणू तिथे आला. मोठी जनावरे तगतात, आठवड्याच्या आतली पिल्ले मात्र जवळजवळ सगळी मरतात. लाखो पिल्ले गेली. २०१४ च्या उन्हाळ्यात वायद्याचे भाव विक्रमी झाले. गंमत अशी की त्या वर्षी अमेरिकेचे एकूण उत्पादन जेमतेम दोन टक्के घटले, कारण पालकांनी उरलेली जनावरे जास्त वजनाला नेली. एवढ्याशा तुटीने भाव इतका उसळू शकतो.

तिसरे जर्मनीचे, अगदी उलट. १० सप्टेंबर २०२० रोजी ब्रांडेनबुर्गमध्ये एका मेलेल्या रानडुकरात आफ्रिकन स्वाईन फीवर सापडला. पाळीव जनावर एकही आजारी नव्हते. तरी चीन, जपान आणि दक्षिण कोरियाने आयात थांबवली आणि काही दिवसांत धडाचा भाव किलोला १.४७ युरोवरून १.२७ वर आला. निर्यातदार देशात साथ आली की माल देशातच अडकतो. भाव चढतो तो शेजाऱ्याच्या बाजारात.

८. मग निर्यातदार देशाला यातून बचाव नाही का?

आहे. त्याला प्रादेशिकीकरण म्हणतात: बंदी साऱ्या देशावर न घालता बाधित भागापुरती घालायची, असा करार आधीच करून ठेवणे. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ रानडुकरांत हा रोग आढळला, १९९४ नंतर तिथे पहिल्यांदाच. भाव तिथेही घसरला. पण चीनने बंदी बार्सिलोना प्रांतापुरती ठेवली. जर्मनीच्या वाट्याला हे आले नव्हते.

९. चीनची मागणी वाढली की साऱ्यांचे भले, हे अजून खरे आहे का?

आता तसे म्हणता येत नाही. जगातले जवळपास निम्मे डुकराचे मांस चीनमध्येच तयार होते आणि तिथेच खाल्ले जाते. त्यामुळे तिथली थोडीशी तूटसुद्धा बाकीच्यांना प्रचंड वाटते. २०१९ आणि २०२० मध्ये ती तूट सर्वांनी अनुभवली. ती कायम राहील असे धरून अनेकांनी माद्या वाढवल्या. चीननेही वाढवल्या, आणि ज्या वेगाने वाढवल्या तो कुणाच्या हिशेबात नव्हता. बहुमजली शेडी उभ्या राहिल्या, २०२३ पर्यंत उत्पादन ५.७९ कोटी टनांवर, म्हणजे साथीच्या आधीपेक्षाही वर गेले. आता तिथली डोकेदुखी उलटी आहे. माल जास्त, भाव पडलेला. २०२४ मध्ये सरकारने माद्यांचे लक्ष्य ४.१ कोटींवरून ३.९ कोटींवर आणले आणि २०२५ मध्ये मोठ्या कंपन्यांना माद्या कमी करायला सांगितले.

जकातीचाही भरवसा नाही. २०१८ मध्ये अमेरिकी मांसावरचा चिनी कर वाढत ६२ टक्क्यांवर गेला होता. डिसेंबर २०२५ मध्ये चीनने युरोपीय संघाच्या मांसावर ४.९ ते १९.८ टक्के अँटी-डंपिंग कर (परदेशी माल अवाजवी स्वस्तात विकल्याच्या आरोपावरचा कर) लावला. त्याचा चटका आतडी, कान, पाय यांसारख्या भागांना जास्त बसतो. या भागांना चीनबाहेर फारसे गिऱ्हाईक नसते, आणि जनावरामागचा नफा पुष्कळदा त्यांच्यावरच अवलंबून असतो.

१०. छोटे पालक कमी का होत आहेत?

अमेरिकेत १९८० मध्ये साडेसहा लाखांहून अधिक वराहपालक होते. २०२२ च्या कृषिगणनेत ते सुमारे ६० हजार उरले. डुकरे कमी झाली नाहीत, ती मोठ्या शेडींत गेली. दर चक्राच्या तळाला काही पालक बाहेर पडतात आणि तेजी आली तरी परत येत नाहीत, कारण विकलेल्या माद्या आणि मोडलेली शेड पुन्हा उभारायला लागणारे भांडवल त्यांच्याकडे उरलेले नसते. डिसेंबर १९९८ ने हे सर्वात क्रूरपणे घडवले (प्रश्न ११ पाहा).

जे टिकले त्यांच्यापैकी पुष्कळ जण करारावर काम करतात. जनावरे आणि खाद्य कंपनीचे, शेड आणि मेहनत पालकाची, मोबदला जागेमागे किंवा जनावरामागे ठरलेला. भावाची जोखीम जाते, पण तेजीचा फायदाही जातो आणि शेडचे कर्ज पालकाच्याच नावावर राहते. करार वाचताना मोबदल्याच्या आकड्याआधी एक गोष्ट पाहा: कंपनीने शेड रिकामी ठेवली, तर त्या दिवसांचे पैसे मिळतात का.

११. डुकराचा भाव पडला, तरी दुकानात मांस स्वस्त का होत नाही?

गिऱ्हाइकाच्या पैशातला पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी पालकाला मिळतो, बाकी कापणी, वेष्टन, वाहतूक आणि दुकानात जातो. त्यामुळे जिवंत भाव निम्म्यावर आला, तरी दुकानातल्या भावात थोडाच फरक पडायला हवा. पुष्कळदा तेवढाही पडत नाही.

कत्तलखाना हा या साखळीचा अरुंद गळा आहे. १९९८ च्या शेवटी अमेरिकेत डुकरे कापण्याच्या क्षमतेपेक्षा जास्त झाली. डिसेंबरात काही दिवस शंभर पौंड जिवंत वजनाला दहा डॉलरच्या आसपास, कुठे त्याहूनही कमी भाव लागला. उत्पादनखर्च त्याच्या तीन-चार पट होता. सहा महिने राबून वाढवलेले जनावर पंचवीस डॉलरला गेले, दुकानातल्या भावफलकावर मात्र त्याची सावलीही पडली नाही. एप्रिल-मे २०२० मध्ये कोविडमुळे कामगार आजारी पडले, कत्तलखाने बंद झाले आणि देशाची सुमारे ४० टक्के क्षमता काही दिवस थांबली. दुकानात मांस महागले आणि त्याच वेळी पालकांना निरोगी जनावरे मारून पुरावी लागली. वाढ मंदावावी म्हणून त्यांनी खाद्यातली प्रथिने कमी केली, शेडचे तापमान वाढवले. तरी पिल्ले येतच राहिली, कारण त्यांच्या माद्या चार महिन्यांपूर्वी भरल्या होत्या.

१२. वायदे बाजारातला भाव म्हणजेच पुढचा भाव का?

तो आज उपलब्ध असलेला सर्वात प्रामाणिक अंदाज आहे, हमी नव्हे. शिकागोत जिवंत डुकरांचे वायदे १९६६ मध्ये सुरू झाले. आजचा ‘लीन हॉग’ करार ४०,००० पौंडांचा असतो आणि त्याचा निवाडा रोखीत होतो, म्हणजे जनावरे न देता भावातला फरक पैशांत चुकवला जातो. चीनमध्ये दालियान बाजारात जानेवारी २०२१ पासून जिवंत डुकरांचा वायदा आहे, १६ टनांचा. पालकासाठी वायद्याचा खरा उपयोग भाव ओळखण्यापेक्षा भाव बांधून ठेवण्याचा आहे, आणि तो बांधताना मका आणि सोयापेंडही त्याच दिवशी बांधायला हवी. नुसता विक्रीचा भाव बांधला आणि खाद्य मोकळे सोडले, तर जोखीम तशीच राहते.

१३. माद्या कमी झाल्या, तरी मांस वाढले. मग पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले ना?

चांगली शंका आहे. अमेरिकेत १९८० च्या सुमारास प्रजननाची जनावरे नव्वद लाखांच्या आसपास होती, आज ती साठ लाखांच्या आत आहेत. तरी मांसाचे उत्पादन तेव्हाच्या दीडपटीहून जास्त आहे. एका वेताला तेव्हा सरासरी सात पिल्ले जगत, आता अकराच्या वर जगतात, आणि विक्रीचे वजनही वाढले आहे. म्हणून माद्यांच्या संख्येला वेतातल्या पिल्लांच्या सरासरीने गुणून पाहायचे. अमेरिकी कृषी खात्याचा तिमाही अहवाल मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरात येतो आणि त्यात दोन्ही आकडे असतात. माद्या दोन टक्क्यांनी घटल्या आणि वेत तीन टक्क्यांनी सुधारले, तर माल वाढणार आहे.

१४. प्राणिकल्याणाच्या कायद्यांनी भाव वाढतात का?

त्या बाजारापुरते वाढतात. कॅलिफोर्नियाच्या ‘प्रपोझिशन १२’ नुसार तिथे विकल्या जाणाऱ्या मांसासाठी प्रत्येक मादीला किमान २४ चौरस फूट जागा हवी, मग ती मादी कोणत्याही राज्यात असो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी हा कायदा कायम ठेवला. तेवढ्याच शेडमध्ये माद्या कमी मावतात, म्हणून नियमात बसणाऱ्या मालाला वरचढ भाव मिळतो. मादीला वळता येईल एवढी जागा मिळावी, हे मला मनापासून पटते. मात्र शेड मोडून बांधण्याचा खर्च छोट्या पालकाला सर्वात जड जातो, हेही नोंदवायला हवे.

१५. मग पुढे भाव कसा राहील?

आकडा सांगत नाही, दिशा सांगतो. २०२५ मध्ये अमेरिकेत मक्याचे पीक विक्रमी आले, गोमांस महाग असल्याने डुकराच्या मांसाला गिऱ्हाईक राहिले आणि पालकांना नफा झाला. जुन्या चक्राप्रमाणे माद्या लगेच वाढायला हव्या होत्या. त्या वाढल्या नाहीत. २०२३ चा तोटा ताजा आहे, व्याज जड आहे आणि नवी शेड पूर्वीपेक्षा फार महाग पडते. माद्या अशाच थांबून राहिल्या, तर अमेरिकेत भावाला आधार राहतो. वेतातली वाढ तो आधार थोडा थोडा खात जाईल (प्रश्न १३). युरोपात बंद्या आणि कर यांमुळे दबाव आहे. चीनमध्ये माद्या खरोखर कमी झाल्या, तर त्याचा परिणाम दहा महिन्यांनी दिसेल, घोषणेच्या दिवशी नाही. आणि एखाद्या मोठ्या निर्यातदार देशात साथ आली, तर प्रश्न ७ मधली उदाहरणे काढून बघा.

१६. भाव चढे आहेत. आता शेड वाढवू का?

तुमची जमीन, कर्ज आणि तुमचे वय मला ठाऊक नाही, म्हणून हो-नाही सांगत नाही. हिशेबाची रीत सांगतो. आज खूण केलेल्या गिल्टचा माल वर्षभराने विकला जाईल. आजची तारीख लिहा, तीत बारा महिने मिळवा आणि त्या महिन्याचा वायद्याचा भाव घ्या, आजचा नको. तुमच्या बाजारात वायद्यापेक्षा नेहमी जेवढे कमी मिळते, तेवढे त्यातून वजा करा. तीनशे किलो खाद्याचा त्या काळातला खर्च, पिल्लाचा खर्च, मरतूक, व्याज आणि स्वतःची मजुरी वजा करा. मजुरी बहुतेक जण लिहीत नाहीत, ती जरूर लिहा. मग हाच हिशेब भाव पंधरा टक्क्यांनी कमी धरून पुन्हा करा. दुसऱ्या हिशेबातही कर्जाचा हप्ता निघत असेल, तर बँकेत जा. निघत नसेल, तर त्याच पैशात आहे त्या शेडमधली पिल्लांची मरतूक कमी करता येते का ते आधी बघा.